विमलाचं जेवण

आगाशी,
३ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षयास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मी नीट बोलत नाही म्हणून तू रागावलीस. अगं, फोन तुझ्या आईच्या खाटेपाशीच असतो. तिला बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं. म्हणून हे पत्र.

आई जेवत नाही. पक्षाघाताला दोन महिने झाले. उजवा हात तसाच पडलेला, डाव्यात मात्र ताकद आहे. तोंड धुणं, वेणी, अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, सगळं मीच करतो. गेल्या आठवड्यापासून दोन चमचे झाले की ती ओठ मिटून घेते. पेज केली, वाडीतलं केळं कुस्करलं, सगळं परत. डॉक्टर म्हणाले, गिळायला काही अडचण नाही. चार किलो वजन उतरलं आहे.

तू नर्सिंगचं एवढं शिकतेस. माझं कुठे चुकतं ते सांग.

तुझाच,
बाबा

सांगली,
६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून मलाही घास जात नाही. या परीक्षेला नेमकी शुश्रूषेच्या सिद्धांतांची तुलना आहे. एक सिद्धांत म्हणतो, रुग्णाला जे जमत नाही ते ताकद येईपर्यंत आपण त्याच्यासाठी करावं. दुसरा म्हणतो, जेवढं त्याला जमतं तेवढं त्याच्याच हाती ठेवावं, आपण फक्त उणीव भरावी. तुम्ही पहिला पार टोकाला नेलात. आईचं तान्हं बाळ केलंत!

पत्र मिळताच चमचा तिच्या डाव्या हातात द्या. सांडलं तर सांडू द्या, पण भरवू नका. रागाने लिहीत नाही बाबा, भीतीने लिहिते आहे.

तुमची,
अक्षया

आगाशी,
१० नोव्हेंबर

चि. अक्षयास,
आशीर्वाद.

चमचा दिला. तिने धरला, तोंडाशी नेलासुद्धा. मला वाटलं, सुटलो. मग तिने तो ताटात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस मी समोर नुसता बसून होतो. तू सांगितलंस म्हणून भरवलं नाही. घोट घोट दूध तेवढं जातं. काल उठवून बसवताना तिची मान कलली.

शनिवारपर्यंत खाल्लं नाही तर डॉक्टर नाकातून नळी घालणार. मला आता काही सुचत नाही. आई माझ्यासमोर चालली आहे गं.

बाबा

सांगली,
१२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न.

चूक माझी. मी पुस्तकात पाहिलं, आईकडे पाहिलं नाही. आज आमच्या बाईंना सगळं सांगितलं. आईला काय वाटतं, एवढंच त्यांनी विचारलं. आणखी एक सिद्धांत आहे, दोन मार्कांचा समजून मी तो सोडला होता. तो म्हणतो, रुग्णाची गरज आपण ठरवायची नाही, त्याच्याकडूनच समजून घ्यायची.

ताट बाजूला ठेवा. तिचा डावा हात हातात घ्या आणि एकेक विचारा. हो असेल तर तिने दाबायचा. दुखतं का, चव लागत नाही का. जगायचं नाही का, तेही विचारा. म्हणाल तर परीक्षा सोडून येते.

अक्षया

आगाशी,
१६ नोव्हेंबर

चि. अक्षयास,
उदंड आशीर्वाद.

तू लिहिलेलं सगळं विचारलं. जगायचं नाही का, तेही विचारलं. तिचा हात हलला नाही. मग वेड्यासारखा काहीबाही विचारत सुटलो. कपडे बदलताना त्रास होतो का म्हटल्यावर तिने डोळे मिटले. विमला, लाज वाटते का, असं विचारलं, तर इतक्या जोरात हात दाबला की माझी बोटं कळवळली.

पुढे एकेक विचारत गेलो तेव्हा कळलं, खाल्लं की अंथरूण घाण होतं आणि ते मी काढतो, म्हणून ती खात नव्हती. संसाराच्या एकोणचाळीस वर्षांत जिने माझ्यासमोर कधी साडी बदलली नाही, तिला मी दिवसातून चारदा उघडी करत होतो. दोघंही रडलो.

शेजारची मर्सी पूर्वी दवाखान्यात आया होती. तिला जाऊन सांगितलं. आता तेवढं सगळं तीच येऊन करते. काल आईने सात चमचे पेज घेतली, तीन तिच्या हाताने, चार माझ्या. डॉक्टर खूश नाहीत. अंगात काही उरलेलं नाही म्हणतात. नळी आठवडाभर पुढे ढकलली, इतकंच.

मर्सी आली की मी ओट्यावर जाऊन बसतो. आज उठायला जरा उशीर झाला, तर आईने डाव्या हाताने मला ढकललं. तेवढा जोर आला आहे.

परीक्षा देऊनच ये. आम्हा दोघांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझाच,
बाबा