पाचव्या दिवशीचं माप

दादा,

बाबा विसरायला लागलेत, रजा काढून ताबडतोब ये, असं लिहायला काल बसले होते. दुकान कायमचं बंद केल्यावर त्यांनी माझ्यासाठी शेवटचा एक कोट शिवायला घेतला. सोमवारी माप घेतलं. मंगळवारी मी ऑफिसला निघाले तर टेप गळ्यात घालून पुन्हा दारात उभे. "हात वर कर." बुधवारी तेच, गुरुवारीही तेच. चाळीस वर्षं माप एकदाच घेणारा शिंपी हा! मी घड्याळाकडे बघत मुकाट्याने उभी राहायचे आणि सुटले की धूम ठोकायचे.

आज मात्र न राहवून म्हणाले, "बाबा, खांदा साडेचौदा, बाही एकवीस. चार दिवस तेच येतंय."

त्यांनी टेप काही खाली घेतली नाही. "पाठ आहे गं मला. कोट केव्हाच शिवून झालाय, कपाटात बघ. पण एरवी तू माझ्यासमोर दोन मिनिटं उभी राहतेस कुठे?"

मी पर्स खाली ठेवली. म्हटलं, "कंबर राहिली."

मग त्यांनी कंबर घेतली, गळा घेतला, मनगटसुद्धा घेतलं. हात गार होते त्यांचे, बोटांना खडू लागलेला. ऑफिसला उशीर झाला. साहेबांना खरं तेच सांगितलं, शिंप्याकडे होते.

हे पत्र आता टाकत नाही. फोनवर एवढंच सांगेन, बाबांनी तुझ्याही कोटाचं कापड काढलंय, माप द्यायला ये. फार सावकाश घेतात.

तुझी धाकटी,
भिंगरी