तक्त्यावरचं नातं

एनॉक भावजी,

होय, ऐकलंय मी. मेलेल्या भावाच्या बायकोशी लग्न करायला आता कायद्याची आडकाठी नाही. चर्चमधला ‘कुणी कुणाशी लग्न करू नये’ हा तक्ता मात्र अजून टांगलेलाच आहे. त्यावरच तर मी वाचायला शिकले. शेजारची लव्हडे म्हणाली, “टॅम्सिन, बोलाव की दिराला!” म्हटलं, “दात पडल्यावर चणे कशाला?”

बारा वर्षांपूर्वी परगावच्या चर्चमध्ये, कुणाची हरकत आहे का म्हणून लग्नाआधी तीन रविवार पुकारतात तशी, आपली नावं पुकारली. तिसऱ्या रविवारी कुणीतरी चिठ्ठी पाठवून पाद्र्याला नातं कळवलं, अन् लग्न मोडलं. तू स्वतःच्या आईवर आळ घेतलास, अबोला धरून कॅनडाला गेलास. तुझी वाट बघतच म्हातारी गेली.

पोरं झाली तर तेव्हाच्या कायद्यानं अनौरस ठरतील, म्हणून मी घाबरले. ती चिठ्ठी माझी होती.

तुझी वहिनीच,
टॅम्सिन