मालकाची बैठक

७ डिसेंबर, रविवार

आज महारुद्राकडं राहायला आले. महारुद्र म्हंजे माझं थोरलं पोरगं, वनखात्यात हाय. त्याची बदली घुगरवाडीला झाली आन् खोली मिळाली ती डोंगराच्या अगदी पायथ्याला. अणदूरहून मोटरसायकलीवर आलो. पुढं त्याची लेक हर्षाली, मागं मी, मांडीवर पिशवी, पिशवीत शेंगाची चटणी आन् काळा मसाला. हर्षाली पाच वर्साची हाय पर तोंडाला इसावा न्हाय. सारं गाव म्हणतंय आजीवर गेली. जाईना का. कुणावर तरी जायाचंच की.

साक्षरतेच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या हुत्या, आजी, रोज चार वळी लिवत जा, न्हाय तर हात इसरंल. चार वळीत माझं काय हुतंय. आत्ताच बगा किती झालं.

डोंगराला पहाऱ्याचा डोंगर म्हणत्यात. वर जुनी गढी हाय, सारी पडलेली, एकच बुरूज धड हाय. मी पोर हुते तवा बापाच्या मेंढरामागं सारं बालाघाट पालथं घातलेलं. लगीन झालं आन् सपाट रानात पडले, तवापासून उंचावर म्हणून चढले ती माळ्यावर, कडबा काढाय. आज संध्याकाळी दारात बसले आन् बुरुजाकडं बगतच ऱ्हायले. सून ज्ञानेश्वरी म्हणाली, आत्याबाई, चहा गार झाला. होऊ दे म्हणलं.

९ डिसेंबर, मंगळवार

आज चढले. ज्ञानेश्वरी म्हणत हुती ह्या वयात कशाला. म्या म्हणलं, गुडघे माझे हायत, तुझे न्हाईत. भाकरी, चटणी, पाण्याची बाटली घेतली आन् निघाले. टणटणीच्या काटेरी झुडपातनं वाट, मग सीताफळं, मग नुसता काळा खडक. लुगड्याला इतकी कुसळं लागली की वर जाऊन पहिल्यांदा तीच येचत बसले.

वाटंत बानूबाई भेटली. गावातली म्हातारी, शेरडं चारती, माझ्याच वयाची पर माझ्यापेक्षा कमी बोलती. तसं सगळेच माझ्यापेक्षा कमी बोलत्यात. बुरुजावर एक सपाट दगड हाय, बसायलाच घडवल्यावाणी. बानूबाई जाऊन त्याच्यावरच बसली. सोलापूरची कॉलेजची पोरं पोरी आली हुती फोटो काढाय. एकाला त्या दगडावर बसून फोटो पायजे हुता, तर हिनं काठी उगारली.

काय दिसतंय वरनं. तुळजापूरचा घाट, नळदुर्गाकडची झाडी, पवनचक्क्या, अन् शाळू कुठवर हिरवा. बानूबाई समदं मला हनुवटीनं दावायची, न्हाय तर कोपरानं. हात पिठात भरल्यावाणी. मला लई हसू आलं.

मग तिचं एक शेरडू कोरड्या टाक्यात पडलं, ती तिकडं पळाली. मी बसले दगडावर. एक पोरगी म्हणाली, आजी तुमचं घर कुठलं. म्या दावलं. म्हणलं, ती इहीर बग, तिथं पांढरा बैल हाय न्हवं, त्यो आमच्या शेजारच्या सिद्रामप्पाचा. त्याच्या अलीकडं चिंच. आन् त्या अंगणात लाल झग्यातली दिसती ना, ती माझी हर्षाली. बोट लांब करून एकेक दावलं. पोरगी म्हणाली, भारी.

बानूबाई परत आली, मला दगडावर बगितलं आन् इचारलं, बोट दावलंस का. म्हणलं व्हय. म्हणाली, चाव बोट. आमच्यात काकडीच्या कळीला बोट दावत न्हाईत, सडती म्हणून. दावलंच तर चावायचं. म्हणलं बाई, हितं कुठं काकडी लागलीय. ती हसली न्हाय. सारी वाट माझ्या बोटाकडं बगतच उतरली. मग दारात आल्यावर म्या चावलं, तिच्या समाधानासाठी.

११ डिसेंबर, गुरुवार

परत गेले वर. आता रोजच जाणार. बानूबाई नव्हती, मी ऐटीत दगडावर. सिद्रामप्पाच्या इहिरीवर एक माणूस उभा दिसला, बैलाच्या जवळच. उंच, वाळका, खांद्यावर घोंगडं. मी भाकरी खाल्ली, पाणी प्याले, थोडी आडवी बी झाले, तरी त्यो तसाच उभा. म्हणलं चांगला सालगडी मिळालाय, काम करायचं नाव न्हाय.

संध्याकाळी सिद्रामप्पाला तसं बोलले. त्यो म्हणाला, मावशी, मला कुठला सालगडी परवडतोय, दिवसभर मीच हुतो इहिरीवर, एकटा.

म्हणलं उन्हात दिसलं असंल कायतरी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सिद्रामप्पाचा बैल गेला. सकाळी वैरण टाकाय गेला तर आडवा. कुठं जखम न्हाय, तोंडाला फेस न्हाय. सापानं चावलं म्हणत्यात. त्याची बायको बैलाच्या गळ्याला मिठी मारून बसलेली, मला बगवंना.

आज वर गेले न्हाय. पर ध्यान सारखं बुरुजाकडं.

१४ डिसेंबर, रविवार

गेले. घरात बसवत न्हवतं.

इहिरीवर कुणी न्हाय. त्यो चिंचंखाली हाय. तसाच, घोंगडं घिऊन. महारुद्र सुट्टीचा घरीच हुता, त्याला फोन लावला, म्हणलं चिंचंखाली कोण हाय जाऊन बग. त्यो गेला. वरनं मला दोघं बी दिसत हुते, माझा महारुद्र आन् त्यो, हाताच्या अंतरावर. महारुद्र फोनवर म्हणतोय, आई, हितं कुणी न्हाय, उतर आता. आन् मला दिसतंय की त्यो हाय.

महारुद्र म्हणतोय मोतीबिंदू असंल, सोलापूरला नेऊन दावू. दाव बाबा. पर मोतीबिंदूत माणूस जागा बदलतो का.

१५ डिसेंबर, सोमवार

चिंचंचा पाला एका रातीत झडला. साल उकललीय. बाया बघाय जमल्या हुत्या. मी लांबच थांबले.

पहिल्यांदा बैल दावला हुता. मग चिंच.

तिसरं काय दावलं ती मला ठाऊक हाय. लिवत न्हाय.

१६ डिसेंबर, मंगळवार

बानूबाईच्या घरी गेले. म्हणलं, सांग काय असंल ती, मी काय ल्हान न्हाय.

तिनं सांगितलं. पूर्वी गढीचा मालक त्या दगडावर बसायचा. खाली बोट दावायचा, ती बैलजोडी, ती कोठार, ती पोरगी. आन् त्याचा पहारेकरी जाऊन घिऊन यायचा. एकेक, सांगितलं त्याच क्रमानं. मालक मरून गेला, गढी पडली. पहारेकऱ्याला कुणी सांगितलंच न्हाय. त्यो आजून तिथंच हाय, हुकमाची वाट बगत. दगडावर बसून जो बोट दावंल त्यो त्याचा मालक. म्हणून ती रोज जाऊन दगड अडवून बसती. तिची सासू बी बसायची.

म्या इचारलं, त्याला माघारी बोलवायचं कसं. ती चुलीत काटक्या सारत बसली. म्या परत इचारलं. तवा म्हणाली, ज्याचं बोट त्यानंच दगडावर बसून आपल्या पायाशी दावायचं. येतो. पर रिकाम्या हातानं त्यो कधी गेलेला न्हाय. तिच्या आजेसासूनं बोलवला हुता. नुसती काठी घावली बुरुजावर.

वाटंत मला घर कवा आलं कळलं न्हाय.

१७ डिसेंबर, बुधवार

त्यो आमच्या कुंपणाशी हाय.

खाली आले. कुंपणाशी काय सुदीक न्हाय. हात फिरवून बगितला, नुसती हवा. हर्षाली म्हणाली, आजी काय करती. म्हणलं जळमटं काढते.

महारुद्राला म्हणलं, पोरीला अणदूरला धाडू. म्हणाला शाळा हाय. म्हणलं मग मी नेते. ज्ञानेश्वरी म्हणाली, आत्याबाई, तुमी येऊन पंधरा दिस न्हाय झालं आन् पोरीच्या मागं लागलाय, ती भ्यायला लागलीय तुमाला.

मला भ्यायला लागलीय.

१८ डिसेंबर, गुरुवार

अंगणात हाय. वरनं बगितलं. तुळशीच्या अलीकडं. खाली कोंबड्या तेवढी जागा सोडून वळसा घालून जात्यात. ज्ञानेश्वरीला दावलं. म्हणाली मुंग्या असतील.

उद्या येळवस, येळ अमावस्या. सिद्रामप्पानं समद्यांना रानात जेवाय बोलवलंय. बैल गेला तरी सण करतोय बिचारा. घरात भज्जी, उंडे, आंबीलीचा वास. म्या म्हणलं हर्षालीला ठिवा माझ्याजवळ, दार लावून बसतो आमी. महारुद्र चिडला. पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला त्यानं. म्हणाला, आई बास.

तिच्या उशाला बसलेय, रातभर हलणार न्हाय. कपाळ तापलंय जरा. ज्ञानेश्वरी म्हणती थंडीनं.

तिचे दुधाचे दात बी पडले न्हाईत आजून.

१९ डिसेंबर, येळवस

वर आले. त्यांना म्हणलं पोट दुखतंय, तुमी व्हा पुढं. वही पिशवीत हुती. हाताला कायतरी पायजे, नुसतं बसवत न्हाय.

बानूबाई दगडावर हुती. मला बगून उठली. म्हणाली, बस. शेरडं घिऊन गेली. माघारी बगितलं न्हाय.

समदं शिवार माणसांनी भरलंय. रानारानात कडब्याच्या खोपी, धूर, आंबील शिंपडत फिरत्यात. असं बगायला मिळालं, बरं झालं. सिद्रामप्पाची खोप दिसती. हर्षालीचा लाल झगा. बसलीय न्हाय, आडवी केलीय. ज्ञानेश्वरी कपाळाला हात लावून —

त्यो तिच्यावर वाकलाय.

दावलं. माझ्या पायाशी. बोट सरळ ठिवलं, वाकडं केलं न्हाय. मोठ्यानं म्हणलं, सोड तिला, माघारी ये.

सरळ झाला. वर बगतोय. इतक्या लांबनं बी कळतंय की माझ्याकडंच.

निघाला. हात मोकळे हायत त्याचे. नीट बगितलं. मोकळे.

चिंच. इहीर. आता टणटणीत शिरला, दिसत न्हाय.

हर्षाली उठून बसली. पाणी पितीय. उभी ऱ्हायली. पळाली, आई मागं तिच्या. पळ. लई पळ.

महारुद्रा, पोरीला ह्या डोंगरावर आणू नको. आणलंच तर दगडावर —

खडकावर दगड घरंगळतायत. वाट सोडून नीट वर येतोय. तरणाताठा असल्यावाणी.

ऊन छान हाय. वारं बी न्हाय.

घोंगड्याचा वास आला. ओल्या लोकरीचा, माझ्या बापाच्या घोंगड्यासारखाच. मला वाटलं हुतं लई भ्या वाटंल.

गढीच्या पडक्या दरवाजात आला. खाली मान घालून उभाय, हुकमाची वाट बगत. किती वर्सं झाली असतील त्याला कुणी बस म्हणून. म्या म्हणलं, ये बाबा, लांबनं आलास, बस आधी. बाटली पुढं केली. त्यानं मान वर क