सोमवारची सुनावणी अकराऐवजी बाराला घेण्याबाबत

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
नागरी सेवा व संपर्क विभाग,
नगरपालिका कार्यालय, पहिला मजला.

विषय : सोमवारची सुनावणी सकाळी अकराऐवजी दुपारी बारा वाजता घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपले सुनावणीचे पत्र (जावक क्रमांकावर शाई सांडलेली).
२) आपले ‘नागरिकांसाठी संपर्क पत्रक’, ओळ पहिली ते नववी.
३) माझा सार्वजनिक नळाबाबतचा अर्ज, दोन वर्षांपूर्वीचा, अद्याप गळत असलेला.

महोदय,

मी खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, धंदा शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीसमोरच्या इमारतीत तळमजल्यावर, आपणास सादर कळवते की माझी मागणी फक्त एका तासाची आहे. चार नंबरच्या खिडकीवर चहाला साधारण तेवढाच वेळ लागतो, हे मी उभी राहून पाहिलेले आहे. तरीही एवढीशी मागणी लिहायला मला तीन पाने लागत आहेत, याबद्दल आधीच माफी मागते.

१. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला सार्वजनिक नळ गळत असल्याचा अर्ज मी आपल्याकडे दिला. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात ‘संपर्क क्रमांक’ असा रकाना होता, त्यात मी माझ्या घरच्या फोनचा नंबर लिहिला. पुढे आपल्या कार्यालयाने घरोघरी वाटण्यासाठी संपर्क पत्रक काढायचे ठरवले, तेव्हा ज्या कारकुनांकडे हे काम आले त्यांनी नळाची फाईल उघडली आणि सर्वांत वरच्या कागदावरचा संपर्क क्रमांक उतरवून घेतला. नळाखाली तो छापला गेला. दिवाबत्ती, कचरा, गटार वगैरे बाकीच्या फायलींत नंबर सापडेना, म्हणून तिथेही तोच घातला. अशा रीतीने सहा हजार पत्रकांवर नऊ ठिकाणी माझा नंबर आहे. अक्षरे मोठी व सुबक आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

२. चूक लक्षात येताच मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन चार नंबरच्या खिडकीवर गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पत्रकात दुरुस्ती हवी असल्यास पत्रकावरील क्रमांकावर कळवावे, असे सांगितले. मी नियम मोडणारी बाई नाही. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी त्या क्रमांकावर फोन केला. घरी कोणी नव्हते, कारण मी स्टेशनरीच्या दुकानात होते. परत खिडकीवर येऊन तसे सांगितल्यावर माझ्या अर्जावर ‘संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही’ असा शेरा मारण्यात आला. तो शेरा खरा आहे, हे मी मान्य करते.

३. पहिले दोन महिने मी प्रत्येकाला ‘चुकीचा नंबर’ म्हणून फोन ठेवत असे. माझ्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही मी तेच शिकवून ठेवले होते. परंतु लोक चिडायचे. एक आजी म्हणाल्या, “सरकारी माणसं अशीच बोलतात, मला माहीत आहे.” हे मला लागले. आयुष्यभर कपडे वेळेवर दिलेल्या बाईला असे ऐकून घेण्याची सवय नसते. तेव्हापासून मी एक वही केली आणि तक्रारी उतरवून घेऊ लागले.

तक्रारी सुटायच्या कशा, हा प्रश्न होता. माझ्याकडे अधिकार नव्हते, पण मापे होती. कचऱ्याच्या गाडीवरच्या मुकादमांच्या बायकोचे ब्लाउज मी शिवते. गटारवाल्यांचे गणवेश उसवले की माझ्याकडेच येतात. दिवाबत्तीच्या मिस्त्रींची पँट माझ्याकडे चेन बसवायला आली होती. पाचव्या खांबावरचा दिवा लागेपर्यंत ती काही तयार झाली नाही. याला आपण दबाव म्हणाल. मी पाठपुरावा म्हणते. नळ मात्र गळतोच आहे, कारण नळदुरुस्तीवाले तयार कपडे घेतात.

४. यानंतर आपल्या कार्यालयाकडून मला एकापाठोपाठ तीन पत्रे आली. पहिल्यात ‘आपल्या कक्षाची कामगिरी समाधानकारक’ असल्याचे कळवले होते. ते मी शिवणयंत्राच्या वर भिंतीला लावले, खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. दुसऱ्यात दरमहा अहवाल तीन प्रतींत मागवला होता. तोही मी देत गेले. भाचीच्या लग्नाला दोन दिवस दुपारनंतर गेले होते, तर तिसऱ्या पत्रात ‘विनापरवानगी गैरहजर’ राहिल्याबद्दल खुलासा मागितला. पगार नसलेल्या नोकरीत रजा कोणाकडे मागायची असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. खुलासा मी स्वतः येऊन दिला. त्या दिवशी काय झाले ते पुढे लिहिते, कारण या अर्जाचे मूळ तिथे आहे.

५. आपल्या पत्रकाच्या नवव्या ओळीत ‘एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची विचारपूस (रोज)’ अशी एक सेवा आहे. ती कोणाच्या कल्पनेतून आली ते ठाऊक नाही, पण माणूस चांगला असावा. या ओळीवर आजवर एकच फोन आला. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. चौतीस वर्षे एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली, म्हणून सगळे त्यांना लिफ्टमनकाका म्हणतात. ते राहतात त्या इमारतीला लिफ्ट नाही. बायको गेली, मूलबाळ नाही, आणि डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढेच कळते. पत्रक त्यांना शेजाऱ्यांनी वाचून दाखवले होते.

पहिल्या फोनवर त्यांनी विचारले, “इथे विचारपूस मिळते का?”

मी जुन्या सवयीने म्हणाले, चुकीचा नंबर. ते म्हणाले, “असू दे हो बाई, माणूस तर बरोबर लागलंय.” मला फोन ठेवता आला नाही.

तेव्हापासून ते रोज सकाळी ठीक अकराला फोन करतात. “तिसरा मजला, हजर,” असे म्हणतात. मी ‘हजर’ असे वहीत लिहिते. मग काय खाल्ले, गुडघा कसा आहे, खाली कोण भांडते आहे, अशी दहा मिनिटे जातात. या सेवेचा मासिक अहवाल आपल्याकडे ‘लाभार्थी : एक, तक्रार : निरंक’ असा जातो, तो हाच.

६. खुलासा द्यायला मी आपल्याकडे आले, तो दिवस. मला अकराच्या आत परत यायचे होते, पण खिडकी उघडली पावणेअकराला. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांना फोनजवळ बसवून आले होते. अकराला फोन वाजला. इस्त्रीवाल्यांनी मी पूर्वी शिकवलेले होते तेच सांगितले, “चुकीचा नंबर,” आणि ठेवून दिला. पुन्हा वाजला, पुन्हा तेच. चूक त्यांची नाही, माझी आहे. नवे सांगायला मी विसरले.

काका घाबरले. स्वतःसाठी नव्हे. बाईंच्या घरात परका माणूस फोन उचलतो आहे, बाईंना काहीतरी झाले आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. ते चपला घालून, भिंत चाचपत, माझी विचारपूस करायला निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांची पायरी चुकली. जिना झाडणाऱ्या बाईंना ते तिथे बसलेले सापडले. मनगट मोडले होते. मी पोहोचले तेव्हा मलाच विचारत होते, “तुम्ही बऱ्या आहात ना?” महोदय, मी रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी मी आपल्या जावक क्रमांकासकट सगळ्यांच्या नावाने रडले.

७. आता आपले सुनावणीचे पत्र. त्यात लिहिले आहे की मी शासकीय सेवेचा दूरध्वनी खासगी जागेत बाळगून आहे. सहा हजार पत्रके बदलणे व्यवहार्य नसल्यामुळे पत्रकाऐवजी फोनच बदलण्यात येईल, म्हणजे माझा सत्तावीस वर्षांचा नंबर कार्यालयाकडे वर्ग होईल व त्यावर उत्तरे देणारे यंत्र बसेल. हरकत असल्यास सोमवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास काही म्हणणे नाही असे धरले जाईल.

माझे म्हणणे आहे. नंबर गेला तर मी दुसरा घेईन, गिऱ्हाइके शोधत येतील. काका येऊ शकणार नाहीत. त्यांना आकडे दिसत नाहीत, ते बोटांच्या सवयीने फोन लावतात. मी आठवडाभर त्यांना माझ्या बहिणीचा नंबर शिकवून पाहिला. बोटे फिरून माझ्याच नंबरावर येतात. मी उलट फोन करावा, तर ते चाचपत पोचेपर्यंत घंटी थांबते. यंत्र बसल्यावर ते यंत्राला ‘तिसरा मजला, हजर’ म्हणतील आणि यंत्र त्यांना नळासाठी एक दाबायला सांगेल.

तेव्हा नंबर वाचवायचा तर मला सोमवारी अकराला आपल्यासमोर असले पाहिजे, आणि ज्यांच्यासाठी वाचवायचा त्यांच्यासाठी अकराला घरी असले पाहिजे. इस्त्रीवाले पुन्हा बसायला तयार आहेत, पण आता मीच तयार नाही.

८. आपण म्हणाल, त्या गृहस्थांनाच एक दिवस बाराला फोन करायला सांगा. मी काल सांगितले. आपली अडचणही समजावली, साहेबांना वेळा पाळाव्या लागतात, असे मी म्हणाले. काका नेहमीसारखे हसत म्हणाले, “बाई, सकाळी उठतो ते अकरापर्यंत पोचायचं म्हणून. बारापर्यंतचं मी कधी धरलेलंच नाही.”

हे वाक्य कोणत्या कक्षाकडे वर्ग करायचे, ते मला समजले नाही. म्हणून आपल्याकडे पाठवते आहे.

तरी सुनावणी बारा वाजता ठेवावी, ही विनंती. तसे झाल्यास सव्वाअकराला निघून मी वेळेत हजर राहीन व विचाराल त्या सर्व प्रश्नांची उत्तरे देईन. तसे न झाल्यास माझे काही म्हणणे नाही असे कृपया धरू नये. मी गैरहजर नसेन. मी फोनजवळ असेन.

आपल्या एका तासाची अपेक्षा करणारी,
नम्र,

(सही)
शिवणकाम करणारी, तळमजला

दिनांक : सुनावणीआधीचा गुरुवार

सोबत : १) संपर्क पत्रक, एक प्रत (घरात आणखी चाळीस आहेत).
२) ‘कामगिरी समाधानकारक’ असल्याचे पत्र, भिंतीवरून काढून.
३) हजेरीची वही. पाहून लगेच परत द्यावी, उद्या अकराला लागेल.