पडलेल्या भिंतीचा पाहुणचार

जालना,
२२ एप्रिल १९९४

तीर्थरूप मामासाहेबांच्या चरणी भाचा बद्रीनाथ याचा शिरसाष्टांग नमस्कार. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून आपण काल नाशिकहून सुखरूप घरी परतलात, हे कळून परम संतोष झाला. डोळ्यांना ताण नको. हे पत्र मामींकडून वाचून घ्यावे (त्यांच्याविषयी सर्वत्र आदरानेच लिहिले आहे).

आपल्या अनुपस्थितीत गावात वादळ होऊन शाळेच्या नव्या खोलीची भिंत कोसळली. ठेकेदार आपला भोकरदनचा मुनीर. बांधकामाचा करार ही फार सुंदर गोष्ट आहे, मामासाहेब! इमारत ताब्यात देईपर्यंत तिची जबाबदारी ठेकेदाराची. वाऱ्याने पाडली तरी त्यानेच पुन्हा उभारायची. आणि त्या ओझ्याला खांदा देतो तो विमा. मुनीरने (माझ्याच आग्रहावरून) तो उतरवला होता. अट एवढीच, की कंपनीचे सर्वेक्षक येईपर्यंत मलब्याला कोणी हात लावू नये. विटेला चिकटलेला सिमेंट-वाळूचा माल पाहूनच ते ठरवतात, दोष वाऱ्याचा की बांधणाऱ्याचा.

हे मी पारावर सर्वांना क्रमवार समजावले, अगदी जहाजांच्या विम्यापासून (मूळ कळल्याशिवाय फांदी कळत नाही). अट समारोपासाठी राखली होती. परंतु धारा काढायची वेळ झाली आणि श्रोते उठले. मोठे साहेब येणार, एवढेच ते घरी घेऊन गेले.

"पाव्हण्याला काय उकिरडा दाखवायचा?" मामी म्हणाल्या, आणि गल्लीतल्या बाया जमवून त्यांनी जागा आरशासारखी केली. वर सडा, रांगोळी! मी तंत्रनिकेतनात बांधकाम व्यवस्थापन शिकवतो. अशी शिस्त कोठे पाहिली नाही.

साहेबांनी विचारले, "पडलेली भिंत कुठंय?"

"उचलली की साहेब, तुमच्यासाठीच. बसा, धपाटे गरम हायेत."

मुनीरने कपाळाला हात लावला. "मामी, वाऱ्यानं नुसती पाडल्ती. तुम्ही तर बिलकुल गायबच केली!"

साहेब सज्जन. धपाट्यांची स्तुती केली. पण मलबा पाहिल्याशिवाय दावा मंजूर होणार नाही, गुरुवारी शेवटचा येतो, म्हणाले. दावा बुडाला तर मुनीरला काँक्रीटचा मिक्सर विकावा लागेल. तरी तो म्हणतो, "खोली तर बराबर देणार, सर. जूनमधी पोरं कुठं बसतील मंग?" अशा माणसाला पाहिले, की वर्गात शिकवलेले प्रत्येक कलम मला खरे वाटू लागते.

आपला आज्ञाधारक,
बद्रीनाथ

ता. क. : मलब्याचा शोध आज लागला. मामी साहेबांपुढे बोलल्या नाहीत, कारण आपल्याला अचानक आनंद द्यायचा होता. आपल्या दारापुढचा नवा ओटा त्याच विटांचा आहे. तरी या क्षणी आपण त्यावर बसला असाल तर कृपया उठावे, आणि गुरुवारपर्यंत त्यावर कोणासही बसू देऊ नये.

पुन्हा ता. क. : उठताना मात्र जपून. आपण अद्याप विमा उतरवलेला नाही.