बोरखडीच्या वाटेसाठी हलकी गाडी

३ नोव्हेंबर १९६३, रविवार. चांदूर रेल्वे.
बोरखडी शाळेच्या जयवंताबाई तायडे यांचं तिसरं स्मरणपत्र. शाळा प्रायोगिक. ३१ मार्चच्या आत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यानं, म्हणजे मी, प्रत्यक्ष पाहून शिफारस केली तर कायम, नाहीतर बंद. बाईंचं अक्षर वळणदार. टोन मात्र सासूचा.
शाळेत जायला माझी ना नाही. अडचण वाटेची आहे. सडक चार मैल, पुढं डोंगरातली पायवाट पाच मैल. सायकलला बाभळीचे काटे सोडत नाहीत. बायको इंदू म्हणाली, नत्थुजी दर पंधरवड्याला टपाल घेऊन पायीच जातो ना. तिला समजावलं की नत्थुजी शिपाई आहे, चालणं हे त्याचं खातं.
निर्णय: मोटरसायकल. डोंगरात चालेल अशी. बोरखडी डिसेंबरात उरकणार.

१० नोव्हेंबर. अमरावती.
तीन गाड्या पाहिल्या. एक चालवून पाहिली. दणकट, पण जड. वळणावर पडली. उचलायला चौघं लागले, त्यातले दोघं मला उचलायला.
निष्कर्ष: पायवाटेवर वजन हाच शत्रू.

१७ नोव्हेंबर. अकोला.
दाऊद सेठच्या गोदामात मनासारखी सापडली. लष्कराच्या लिलावातली, एकशे पंचवीस सी.सी. लढाईत अशा गाड्या विमानातून छत्री लावून खाली सोडत म्हणे. दाऊद सेठ अनुभवी माणूस. म्हणाला, "सायेब, याच्यापेक्षा हलकी भेटनार नाही. बंद पडली तं ढकलाले लय सोपी."
हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. लगेच घेतली.

८ डिसेंबर. अमरावती.
इतवारा बाजारात अन्सार मिस्त्रीकडे गाडी दिली. डोंगरासाठी आणखी हलकी करायची. यादी मी स्वतः केली: दोन्ही मडगार्ड काढणे. हेडलाइट काढणे, कारण शाळा दिवसा भरते. मागची सीट, हॉर्न, स्टँड, चेनवरचं झाकण, सायलेन्सर, सगळं काढणे.
अन्सार म्हणाला, "अजून पंधरा-वीस शेर कमी होऊ शकते सायेब. पन ते काम माह्या हातचं नाही." आणि माझ्या शर्टाच्या बटणांकडे पाहत राहिला. गॅस वेल्डिंगबद्दल बोलत असावा. सध्या राहू दे म्हणालो.

२२ डिसेंबर.
गाडी अजून मिस्त्रीकडेच. चढासाठी मागचं दातेरी चाक मोठं बसवलं. आता गाडी भिंतीवर चढेल. सपाटीवर मात्र सायकलवाले मागून येऊन पुढं जातात. अन्सारचं मत पडलं की आधी होती तशी बरी होती. कारागिरांना प्रयोग नको असतो.
बाईंचं चौथं पत्र. पट एकतीस, त्यात नऊ मुली. 'आपण पायी येत असल्यास खिंडीत पाण्याचा माठ ठेवते.' त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली. वरिष्ठांशी बोलण्याची ही पद्धत नव्हे.

४ जानेवारी १९६४.
गाडी घरी आणली. डोंगरात पकड मिळावी म्हणून हँडल रुंद करून घेतलंय. एवढं रुंद की अंगणाच्या फाटकातून आत येत नाही. इंदूनं विचारलं, फाटक तोडू की गाडी. तिला यंत्रातलं काही कळत नाही. गाडी कचेरीत ठेवतो.
स्टँड नसल्यामुळे ती कुठंतरी टेकवावी लागते. भिंतीला टेकवली तर गिलावा पडला. आता मी कचेरीत असेपर्यंत नत्थुजी धरून उभा राहतो. त्यामुळे त्याची बोरखडीची फेरी राहिली. टपाल थांबू शकतं, गाडी थांबू शकत नाही.

११ जानेवारी.
ट्रायल. कापसाच्या बाजारासमोरून गेलो. सायलेन्सर नसल्यानं आवाज जरा मर्दानी येतो. एका डोमाजी नावाच्या शेतकऱ्याचे बैल बिथरले, गाडी कलंडली, कापूस रस्त्यावर. बैलांना कसलीच सवय लावलेली नाही, असं मी त्याला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "मले सांगा, हे काहून फटफट करून राहिले? गावात पायानं फिराची लाज वाटते का तुमाले?"
जमलेल्या लोकांनी कापूस भरायला मलाच लावलं. दोन तास गेले. पँटचा उजवा पाय धुराच्या तापलेल्या नळीला लागून गुडघ्यापर्यंत जळाला. उन्हाळ्यात बरं पडेल.

९ फेब्रुवारी, रविवार.
पहिली मोहीम. रविवारी शाळा बंद असते हे खरं, पण आधी वाट अभ्यासावी.
टायरला पकड नव्हती म्हणून जीपच्या जुन्या टायरचे तुकडे बोल्ट मारून बसवून घेतले होते. कल्पना माझीच. सडक सुटून अर्धा मैल गेलो आणि मागचं चाक बसलं. काटा लागला नव्हता, बोल्ट लागला होता. आतून. म्हणजे काट्यांचा प्रश्न कायमचा सुटला.
नाल्यातलं शेण-पाणी मडगार्ड नसल्यानं पाठीवरून टोपीपर्यंत आलं. एका बैलबंडीत गाडी घालून परत आणली. बंडीवाल्यानं एकट्यानं उचलली. हलकेपणाचा फायदा सिद्ध झाला.

१ मार्च.
बोल्ट काढले. दोर गुंडाळले. दोर चेनमध्ये गेला. दोर काढला. चेन तुटली.
काल कचेरीत कुणीतरी म्हणालं, लोकांची धुळवड होऊन गेली, विस्तार अधिकाऱ्यांची रोज असते. मी हसलो नाही.

२७ मार्च.
साहेबांनी बोलावलं. बोरखडीचा अहवाल कुठाय, विचारलं. गाडी शेवटच्या टप्प्यात आहे, असं सांगितलं. साहेब म्हणाले, त्यांनी गाडीचा अहवाल मागितला नव्हता. सोमवारी गेलो नाही तर शाळा बंद करण्याच्या कागदावर मी सही करायची आणि मुलांच्या आईबापांना कारण मीच सांगायचं.
कारण फार तांत्रिक आहे. त्यांना कळणार नाही.

३० मार्च, सोमवार.
सगळं क्रमानं लिहितो.
सकाळी सातला निघालो. नत्थुजी मागून पायी. सडकेवर मी पुढं होतो. पायवाट लागल्यावर तो पुढं गेला. दोन मैलांवर खिंडीचा चढ लागला तेव्हा तो दिसेनासा झाला होता.
चढाला गाडी मागं सरकायला लागली. उतरून ढकलली. ढकलायला सोपी आहे, पण वर नाही. वजन आणखी कमी करावं म्हणून टाकी काढली. मग पुढचा दिवा लावायचा लोखंडी तुकडा उगीच होता, तो काढला. मग काय काय काढलं ते आठवत नाही. अकरा वाजता मी खिंडीत पळसाखाली बसलो होतो आणि भोवती नटबोल्ट.
वरून आवाज आला. पाढ्यांचा. सतरा एके सतरा. खिंडीतून मुलांची ओळ उतरत होती, हातात पाट्या. पुढं जयवंताबाई, डोक्यावर हजेरीपटाची पेटी. सगळ्यांत मागं नत्थुजी, एका पोरीला खांद्यावर घेऊन. त्यानं माथ्यावरून मागं वळून पाहिलं होतं आणि शाळेत जाऊन सांगितलं होतं, सायेब खिंडीत अटकून राहिले.
मला वाटलं होतं बाई पन्नाशीच्या असतील. पंचविशीच्या आतल्या निघाल्या. मी गाडीबद्दल सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरं सकाळपासून उपाशी आहेत, सर. आधी तपासणी घ्या."
पळसाखाली तपासणी घेतली. एकतीसपैकी एकतीस हजर. चौथीतल्या भागीरथानं नकाशात वऱ्हाड दाखवलं, नद्या सांगितल्या, माझ्याकडे बोट करून शेजारणीला हळूच काहीतरी सांगितलं. मी गणित घातलं: एक माणूस तासाला तीन मैल चालतो, पाच मैलांना किती वेळ? उत्तर सगळ्या वर्गानं एकदम दिलं. एक तास चाळीस मिनिटं. गणित निवडताना माझं लक्ष नव्हतं.
अहवाल तिथंच भरला. इमारत या रकान्यात 'समाधानकारक' लिहायला लागलो तर बाईंनी कागदावर हात ठेवला. "ते लिहू नका. पोळ्यापासून अर्धं छप्पर नाही. पत्रं त्याचीच पाठवत होते. तुम्ही बघितल्याशिवाय टिनपत्रे मिळत नाहीत."
माझी समजूत होती की पत्रं तपासणीसाठी आहेत. चारही पत्रं मी पहिल्या परिच्छेदापर्यंतच वाचली होती.
उरलेले तीन मैल चाललो. एक तास दहा मिनिटं लागली. दोनदा बसलो, तेही धरून. खिंडीच्या माथ्यावर बाईंचा माठ होता. पाणी प्यालो. गाडीचे भाग मुलांनी वाटून आणले. चाक नत्थुजीनं.
शाळा पाहिली. खरंच अर्धं छप्पर नाही. ज्या बाजूला सावली आहे तिकडे बारकी पोरं बसतात, मोठी उन्हात. फळ्यावर तारीख लिहिलेली, त्याखाली 'आज साहेब येणार'. बाई म्हणाल्या, नोव्हेंबरपासून ती ओळ पुसलेली नाही, तारीख तेवढी बदलतात.
शेरेबुक मागितलं. माझ्या आधीचे विस्तार अधिकारी दोनदा येऊन गेलेले. त्यांना दमा होता, पुढच्याच वर्षी रिटायर झाले. दोन्ही वेळा 'पायी आलो' असं लिहिलंय.
मी टाक उचलला. वाटेची अवस्था, वाहनाची अनुपलब्धता, असं मनात जुळवलं. मग तीनच वाक्यं लिहिली. शाळा कायम करावी. टिनपत्रे ताबडतोब द्यावेत. मी उशीरा आलो.
बाईंनी वाचलं.  लाल पेन्सिल घेतली, 'उशीरा'मधली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली आणि सहीसाठी वही पुन्हा माझ्यापुढं सरकवली.