पुढच्या चाकाचा जोड

रविवार, ८ मार्च
विमानासकट आपटलो. जिवंत आहोत. दादाचं उजवं मनगट मोडलं. मला नुसतं खरचटलंय – त्याचीच लाज वाटतेय!

सोमवार, ९ मार्च
शाळेत रजा टाकली. भूगोलाचा तास दुसऱ्या बाई घेतील.
नऊ वर्षं दादाच्या वेल्डिंगच्या दुकानामागे आम्ही दोघांनी ते विमान बांधलं. लोखंडाचे सगळे जोड त्याचे, पंखांवरचं कापड माझं. उडवायला मी शिकले.
काल फ्लाइंग क्लबातली मंडळी धावपट्टीलगत चहाचे कप घेऊन उभी. उतरताना वेग जास्त होता – काटा दाखवत होता, मला दिसत होता! चाकं टेकली आणि विमान चेंडूसारखं उसळलं. दादा ओरडला, "वर घे! फिरून ये परत!"
बरोबर होतं त्याचं. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, पुन्हा यायचं. पहिल्याच महिन्यात शिकवतात. पण सगळे बघत होते. लोकांपुढे नाक राहावं म्हणून मी विमानाचं नाक खाली दाबलं.
पुढचं चाक आपटलं, चाकाचा लोखंडी पाय मोडला, विमान उलटं. पट्ट्यांना लटकलो होतो. पेट्रोल ठिबकत होतं. आणि दादा विचारतोय, "छोटे, लागलं का गं तुला?"

बुधवार, ११ मार्च
चौकशीचे साहेब येऊन गेले. "नेमकं काय झालं, बाई?"
"जरा उसळलं. मी पुन्हा अलगद टेकवत होते, तेवढ्यात पाय मोडला."
"म्हणजे जोड सुटला?"
"तसंच वाटतं."
माझ्याच तोंडून गेलं हे!

शनिवार, १४ मार्च
दादाकडे जेवायला. हात प्लास्टरमध्ये, वहिनी भरवत होती. म्हणाला, "मी तर डोळेच मिटून घेतले होते. माझाच जोड कच्चा. जीव गेला असता तुझा."
वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी समजवा. तुमचं ऐकतात."
मी मान खाली घालून जेवत राहिले. दोनदा वाढून घेतलं!

शुक्रवार, २० मार्च
आज सांगणार होते. नाही सांगितलं.

शनिवार, २८ मार्च
वहिनीचा फोन. दादाने दुकानाची पाटी उतरवली. "ज्याच्या जोडाचा भरवसा नाही, त्याने कशाला दुकान मांडायचं?" – असं म्हणाला म्हणे.

रविवार, २९ मार्च
सांगितलं. वहिनीसमोरच. "मी नाक दाबलं, दादा. तुझं ओरडणं ऐकू आलं होतं. तरी दाबलं."
वहिनी उठून आत गेली. दादा म्हणाला, "तीन आठवडे माझ्या तोंडाकडे बघत बसलीस?"
जमीन दुभंगली असती तर बरं, असं झालं.
मग दादाच हळूच, "म्हणजे जोड धड होता?"
"धड होता रे."
रडला. एवढा मोठा माणूस, ढसाढसा.

सोमवार, ३० मार्च
साहेबांना लेखी कळवलं, जसं घडलं तसं. वहिनी अजून बोलत नाही. बरोबरच आहे.

शनिवार, २५ एप्रिल
चौकशीचा अहवाल आज टपालाने आला. नाक दाबलं ही माझी चूक, ते आहेच. पण जोडाच्या आत जुनी भेग सापडली, गंज चढलेली. अलगद टेकवलं असतं तरी पाय मोडला असता.
दादाचं प्लास्टर सोमवारी निघालं. आज सकाळी दुकान उघडलंय त्याने. पहिलंच काम – क्लबातल्या डॉक्टरांच्या विमानाच्या चाकाचा पाय.
अहवालाचं पाकीट घेऊन दादाकडे निघते. आत्ताच.